रिकामटेकड्या पेशींची पंधरा वर्षं

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत हजारो तान्ह्या मुलांच्या छातीवर क्ष-किरण सोडले गेले. यांतली बरीचशी मुलं आजारीही नव्हती. त्यांचा दोष एवढाच, की उरोस्थीच्या मागे आणि हृदयाच्या वर असलेला थायमस नावाचा मऊ गोळा त्यांच्या छातीत डॉक्टरांना फार मोठा दिसला होता. हसतंखेळतं मूल झोपेत किंवा भूल देताना अचानक दगावलं, तर त्याचं खापर या गोळ्यावर फोडायची पद्धत जुनी होती. बाझेलच्या फेलिक्स प्लाटरने 1614 सालीच एका तान्ह्याच्या मृत्यूसाठी थायमसला जबाबदार धरलं होतं. पुढे 1889 साली व्हिएन्नाच्या आर्नोल्ड पाल्टाउफने या संशयाला रोगाचा दर्जा आणि भारदस्त लॅटिन नाव दिलं. मग 1907 साली सिनसिनाटीच्या आल्फ्रेड फ्रीडलेंडरने क्ष-किरणांनी थायमस आटवता येतो असं जाहीर केलं, आणि घाबरलेल्या आईबापांना उपाय मिळाला.

रोग मुळात नव्हताच. शवविच्छेदनाच्या टेबलावर येणारी प्रेतं बहुतेक गरिबांची, महिनोन्महिने खंगून गेलेल्या माणसांची असत. आजारपणात, उपासमारीत थायमस काही दिवसांतच आक्रसतो. वर्षानुवर्षं असे आक्रसलेले थायमस पाहून डॉक्टरांनी तेच माप निरोगी मानलं. अचानक गेलेलं मूल मात्र शेवटच्या दिवसापर्यंत धडधाकट असे, त्यामुळे त्याचा थायमस जसा असायला हवा तसाच, चांगला भरलेला असे. थोडक्यात, निरोगी अवयवालाच विकार ठरवलं गेलं. ब्रिटनमध्ये नेमलेल्या चौकशीने 1931 साली या रोगाला काही आधार नाही असा निर्वाळा दिला, तरी किरणोपचार पुढची पंधरा-वीस वर्षं चालूच राहिले. पन्नासच्या दशकात थायरॉइडच्या कर्करोगाची लहान मुलं रुग्णालयांत येऊ लागली. त्यांची जुनी कागदपत्रं उलटली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना तान्हेपणी थायमससाठी क्ष-किरण दिल्याची नोंद सापडली. थायरॉइड गळ्यात, थायमसच्या अगदी शेजारी असते.

या प्रकाराला केवळ अडाणीपणा म्हणून मोकळं होता येत नाही. हे करणारी माणसं त्या काळातली उत्तम शिकलेली माणसं होती. अडचण अशी होती, की थायमस काय काम करतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या जोडीला लसीकावाहिन्या, लसीकाग्रंथी, पानथरी आणि या सगळ्यांत खच्चून भरलेल्या बारीक गोल लसीकापेशी, म्हणजे लिम्फोसाइट्स, यांचंही काम ठाऊक नव्हतं. शरीरातला एवढा मोठा कारखाना साडेतीनशे वर्षं सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, आणि तिथे नेमकं काय तयार होतं ते उमगत नव्हतं. उमगलं ते साधारण 1954 ते 1969 या पंधरा वर्षांत, आणि तेही भलतंच काही शोधायला निघालेल्या माणसांना.

त्याआधीची साडेतीन शतकं भराभर पाहून घेऊ.

23 जुलै 1622 रोजी मिलानमध्ये गास्पारे आझेल्ली नावाचा शल्यवैद्य मित्रांना एका जिवंत कुत्र्याच्या स्वरयंत्राच्या नसा दाखवत होता. ते झाल्यावर श्वासपटलाची हालचाल दाखवावी म्हणून त्याने पोट उघडलं, तर आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यावर पांढऱ्या रेघांचं जाळं दिसलं. आधी त्याला त्या नसाच वाटल्या. एक रेघ चिरली, तर दुधासारखा पांढरा द्रव उसळला. दुसऱ्या कुत्र्यात मात्र काहीच दिसेना. पहिल्या कुत्र्याने नुकतंच पोटभर खाल्लं होतं आणि दुसरं उपाशी होतं, हे लक्षात आल्यावर कोडं सुटलं: जेवणातली चरबी या नळ्यांतून वाहून जात होती. आझेल्ली 1625 साली वारला. दोन वर्षांनी त्याचं पुस्तक छापलं गेलं ते रंगीत चित्रांसह, आणि शरीररचनेच्या पुस्तकात रंगीत छपाई बहुधा पहिल्यांदाच झाली.

या नळ्या यकृताकडे जातात असं आझेल्ली समजत होता, कारण अन्नाचं रक्त यकृतातच होतं ही गॅलनची शिकवण दीड हजार वर्षं मुरलेली होती. 1651 साली झां पेके या फ्रेंच तरुणाने दाखवलं, की हा दुधाळ रस यकृताला बगल देऊन छातीतल्या एका मोठ्या वाहिनीतून वर चढतो आणि मानेपाशी थेट रक्तात मिसळतो. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या ओलोफ रूडबेकने राणी क्रिस्तिनासमोर सर्व शरीरभर पसरलेल्या, दूध नव्हे तर पाण्यासारखा द्रव वाहणाऱ्या वाहिन्या दाखवल्या. कोपनहेगनच्या थॉमस बार्थोलिनने 1653 साली त्याच वाहिन्यांना लसीकावाहिन्या हे नाव दिलं, आणि पहिला कोण यावरून दोघांची चांगलीच जुंपली. बार्थोलिन विनोदी माणूस असावा. पदच्युत झालेल्या यकृतासाठी त्याने चक्क मृत्युलेख लिहिला.

त्यानंतर शंभर वर्षांनी लंडनला विल्यम ह्यूसन झाला. हा माणूस मला या सगळ्या इतिहासात सर्वांत हुशार वाटतो. त्याने मासे, पक्षी, कासवं यांच्यात लसीकावाहिन्या शोधल्या आणि लसीकाग्रंथींतला, म्हणजे गाठींतला, व थायमसमधला रस सूक्ष्मदर्शकाखाली धरला. दोन्हींत सारखेच असंख्य बारीक कण दिसले. थायमस हा गाठींचाच भाऊबंद आहे, आणि हे कण आयुष्याच्या सुरुवातीला सर्वांत जास्त लागत असावेत म्हणून तो लहानपणी मोठा असतो, असा तर्क त्याने मांडला. पण 1774 साली विच्छेदन करताना झालेली जखम चिघळून ह्यूसन चौतिसाव्या वर्षी गेला, आणि त्याचा तर्क त्याच्या मरणोत्तर पुस्तकात पडून राहिला. त्याकडे कोणी लक्ष दिलं असतं, तर पुढच्या दोनशे वर्षांतला बराच गोंधळ आणि क्ष-किरणांचा उद्योग टळला असता.

गाठी आपल्या लोकांनाही परक्या नव्हत्या. पायाची जखम चिघळली की जांघेत अवधान येतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला तोही गाठीवरूनच. प्लेगचे जंतू पिसवेच्या चाव्यातून कातडीत शिरतात, लसीकेबरोबर जवळच्या ग्रंथीत पोचतात आणि तिथेच ठाण मांडतात. जांघेत, काखेत, गळ्याखाली टणक, ठणकती गाठ येते. पुढच्या वर्षी पुण्यात गोरे शिपाई घरात शिरून माणसांचे कपडे उतरवून जे शोधत होते ती हीच सुजलेली लसीकाग्रंथी. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकीन यांनी लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. लस उपयोगी ठरली. पण टोचलेल्या माणसाच्या शरीरात संरक्षण तयार करतं कोण, हे हाफकीननाही सांगता आलं नसतं.

रक्तात प्रतिपिंडं तयार होतात एवढं 1890 साली बर्लिनला बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं होतं. जंतू गिळणाऱ्या मोठ्या पेशी मेचनिकोव्हने दाखवल्या होत्या. स्टॉकहोमच्या आस्ट्रिड फाग्रेउसने 1948 साली प्रतिपिंडं प्लाझ्मा पेशी बनवतात इथपर्यंत धागा आणला. लसीकापेशी मात्र या सगळ्या धामधुमीत कुठेच नव्हत्या. सूज आलेल्या ऊतीचा काप पाहावा तर त्या तिथे गर्दी करून उभ्या, पण गिळत नाहीत, विभागत नाहीत, हालचालही जेमतेम. तमाशाला जमलेले रिकामटेकडे बघे असावेत, तशा.

त्यांच्याबद्दल एक हिशेब मात्र जुळत नव्हता. छातीतल्या मुख्य वाहिनीतून दररोज इतक्या लसीकापेशी रक्तात ओतल्या जात, की रक्तातल्या सगळ्या लसीकापेशी दिवसातून कितीतरी वेळा बदलून व्हाव्यात. तरीही रक्तातली संख्या वाढत नव्हती. मग या जातात कुठे? कोणी म्हणे आतड्यात मरतात, कोणी म्हणे अस्थिमज्जेत जाऊन दुसऱ्या पेशी होतात. ऑक्सफर्डला पेनिसिलिनवाल्या हॉवर्ड फ्लोरीने हे कोडं जेम्स गॉवन्स या तरुण डॉक्टरच्या हवाली केलं.

गॉवन्सने उंदरांच्या छातीतल्या वाहिनीत बारीक नळी बसवली आणि लसीका थेंबथेंब बाहेर काढायला सुरुवात केली. हाताची कसोटी पाहणारं काम आहे हे, कारण वाहिनी काडीएवढीही जाड नसते आणि लसीकेला ढकलायला हृदयासारखा पंप नसतो. वाहिन्यांचं स्वतःचं आकुंचन, शरीराची हालचाल आणि वाहिन्यांतल्या झडपा यांच्या जोरावर ती पुढे सरकते. काही दिवसांत बाहेर येणाऱ्या पेशींची संख्या घसरत घसरत अगदी कमी झाली. मग काढलेल्या पेशी त्याने त्याच उंदराच्या शिरेत परत सोडल्या, तर संख्या टिकून राहिली. पुढे पेशींना किरणोत्सारी खूण करून सोडल्यावर त्या रक्तातून गाठींतल्या विशिष्ट शिरांच्या भिंती ओलांडून आत शिरताना आणि लसीकेतून पुन्हा बाहेर पडताना सापडल्या. म्हणजे त्या मरतही नव्हत्या, रूपही बदलत नव्हत्या. त्याच पेशी रक्तातून गाठीत, गाठीतून लसीकेत आणि लसीकेतून पुन्हा रक्तात फिरत होत्या. 1957 आणि 1959 सालच्या दोन निबंधांनी कित्येक वर्षं रखडलेला हिशेब मिटला.

गॉवन्स तिथे थांबला नाही. लसीकापेशी उपसून रिकामे केलेले उंदीर त्याने नव्या प्रतिजनाला, म्हणजे शरीराला परक्या पदार्थाला, सामोरे धरले. त्यांना नीट प्रतिकार करता येईना. त्याच लसीकापेशी परत दिल्या, की येई. बघे ठरलेल्या पेशीच शिपाई निघाल्या, आणि नुसत्या शिपाईही नव्हेत, कारण पूर्वी भेटलेल्या शत्रूची आठवणही त्याच बाळगत होत्या. गाठीची रचनाही आता समजू लागली. जखमेजवळची लसीका जंतूंचे तुकडे घेऊन गाठीत येते, रक्तातून फिरत्या लसीकापेशी त्याच गाठीत येतात, आणि लाखांतून एखाददुसऱ्या पेशीला तो विशिष्ट तुकडा जुळतो. जिला जुळतो ती तिथेच मुक्काम ठोकून वाढू लागते. जांघेतलं अवधान म्हणजे हा मुक्काम.

आता सगळ्यांत विनोदी भाग. तो घडला ऑक्सफर्डपासून दूर, ओहायो राज्य विद्यापीठाच्या कुक्कुटशास्त्र विभागात.

पक्ष्यांच्या गुदमार्गाजवळ एक छोटी पिशवी असते. पाडुआचा फाब्रिसियुस, म्हणजे रक्ताभिसरण शोधणाऱ्या हार्वेचा गुरू, याने तिचं वर्णन केलं होतं म्हणून तिला फाब्रिसियुसची पिशवी म्हणतात. ती कशासाठी असते ते फाब्रिसियुसला कळलं नव्हतं, आणि त्यानंतरच्या तीनशे वर्षांत कोणालाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी हंसाचं विच्छेदन पाहत होता. हे काय आहे आणि काय करतं, असं त्याने प्राध्यापकांना विचारलं. प्रश्न चांगला आहे, तूच शोध, असं उत्तर मिळालं. ग्लिकने वेगवेगळ्या वयाच्या कोंबड्यांची पिशवी काढून पाहिली. वाढीत फरक नाही, वजनात फरक नाही. निष्फळ प्रयोगाच्या त्या कोंबड्या खुराड्यात तशाच राहिल्या.

1954 साली त्याच्याबरोबर शिकणाऱ्या टिमथी चँगला वर्गातल्या मुलांसमोर प्रतिपिंडं कशी तयार होतात ते दाखवायचं होतं, आणि कोंबड्या कमी पडल्या. त्याने ग्लिकच्या उसन्या घेतल्या. साल्मोनेलाचा प्रतिजन टोचला, रक्त काढलं, आणि वर्गासमोर प्रात्यक्षिक सपशेल फसलं. बऱ्याच कोंबड्यांत प्रतिपिंडंच नव्हती. त्या ग्लिकच्या, पिशवी काढलेल्या कोंबड्या होत्या. दोघांनी पुढे रीतसर प्रयोग केले. पिशवी पिल्लू अगदी लहान असताना काढली तरच परिणाम होतो, मोठेपणी काढली तर काही बिघडत नाही, असं दिसलं. निबंध त्यांनी ‘सायन्स’कडे पाठवला, तो साभार परत आला. मग 1956 साली तो ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये छापला गेला. रोगप्रतिकारशास्त्राचे पंडित कोंबड्यांची मासिकं वाचत नाहीत, त्यामुळे विसाव्या शतकातला एक मोठा शोध काही वर्षं अंड्यांचे दर आणि खाद्याची प्रमाणं यांच्या शेजारी पडून राहिला.

ग्लिकच्या निबंधातली वयाची गोष्ट तर थायमसवर काम करणाऱ्यांनी वाचायलाच हवी होती. मिनेसोटाच्या रॉबर्ट गुड यांना एका रुग्णात थायमसची गाठ आणि प्रतिपिंडांचा अभाव एकत्र दिसला होता, म्हणून त्यांच्या गटाने सशांचे थायमस काढून पाहिले. काहीच फरक पडला नाही, कारण ससे काही आठवड्यांचे झालेले होते. असे प्रयोग त्यापूर्वीही अनेकांनी केले होते आणि प्रत्येकाचं उत्तर तेच आलं होतं. थायमस काढला तरी प्राणी मजेत जगतो, त्याअर्थी त्याचं काही काम नाही. प्रश्न बरोबर होता. तो विचारण्याचं वय चुकत होतं.

वय साधलं झाक मिलरला, आणि तेही निरुपायाने. मिलर 1931 साली फ्रान्समधल्या नीसला जन्मला. बालपण शांघायमध्ये गेलं, आणि युद्धाच्या धामधुमीत 1941 साली कुटुंब सिडनीला पोचलं. त्याची बहीण क्षयाने गेली होती. घरात सगळेच तिच्याजवळ वावरत असताना बाकीचे कसे वाचले, हा प्रश्न त्याच्या मनात तेव्हापासून होता, असं तो पुढे सांगे. डॉक्टर होऊन 1958 साली तो शिष्यवृत्तीवर लंडनच्या चेस्टर बीटी संशोधन संस्थेत आला आणि बकिंगहॅमशायरमधल्या पोलार्ड्स वूड इथल्या ग्रामीण केंद्रात त्याची रवानगी झाली. विषय होता उंदरांमधला रक्ताचा कर्करोग.

लुडविक ग्रॉस या संशोधकाने दाखवलं होतं, की हा कर्करोग विषाणूमुळे होतो, पण तो विषाणू नवजात उंदरालाच टोचावा लागतो. रोग सुरू होतो थायमसमध्ये. महिनाभराच्या उंदराचा थायमस काढला तर रोग टळतो, आणि काही महिन्यांनी दुसरा थायमस बसवला तर पुन्हा होतो. म्हणजे मधल्या काळात विषाणू शरीरात कुठेतरी दबा धरून असतो. थायमसशिवाय तो मुळात वाढू शकतो का, हे पाहायचं तर विषाणू देण्याआधीच थायमस काढायला हवा, म्हणजे जन्मल्याबरोबर. नवजात उंदराचं वजन सुमारे एक ग्रॅम. त्याच्या छातीतून तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान अवयव काढून त्याला जिवंत ठेवायला मिलर शिकला.

पिल्लं आईच्या दुधावर असेतो ठीक होती. दूध तुटल्यावर ती खंगू लागली आणि मरू लागली. विषाणू दिलेलीही मरत होती आणि न दिलेलीही, त्यामुळे कर्करोगाचा प्रश्न बाजूलाच पडला. मेलेल्या पिल्लांच्या पानथरीत आणि गाठींत लसीकापेशींचा दुष्काळ होता, यकृतावर संसर्गाच्या खुणा होत्या. मिलरने मग थायमस काढलेल्या पिल्लांच्या अंगावर दुसऱ्या वाणाच्या, वेगळ्या रंगाच्या उंदरांच्या कातडीचे तुकडे शिवले. एरवी परकी कातडी दहा-बारा दिवसांत सुकून गळून पडते. इथे ती टिकली आणि तिच्यावर परक्या रंगाच्या केसांचे झुबके उगवले. एकेका उंदरावर दोन-तीन रंगांचे झुबके मिरवणारे हे प्राणी पाहून वेगळा पुरावा मागायची गरज उरली नाही. 30 सप्टेंबर 1961 च्या ‘लॅन्सेट’मध्ये मिलरचा छोटा निबंध आला. थायमस आयुष्याच्या सुरुवातीला लसीकापेशी तयार करून शरीरभर पाठवतो आणि प्रतिकारशक्तीचा पाया घालतो, असं त्यात होतं. सूक्ष्मदर्शकही न सुधारलेल्या काळात ह्यूसनने हाच तर्क केला होता.

बडी मंडळी मात्र पटकन मानायला तयार नव्हती. कातडीच्या प्रत्यारोपणावरच नोबेल मिळवलेले पीटर मेडावार 1963 सालीही थायमसमधल्या लसीकापेशींना उत्क्रांतीतला एक किरकोळ अपघात समजत होते. काहींनी मिलरच्या उंदरांची जागाच अस्वच्छ असल्याचा आक्षेप घेतला. तेव्हा तो अमेरिकेला गेला आणि तिथे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांवर प्रयोग केले. ते खंगले नाहीत, पण परकी कातडी त्यांनीही झिडकारली नाही. खंगण्याचं कारण संसर्ग, आणि संसर्ग होण्याचं कारण थायमसचा अभाव, हे दोन धागे वेगळे झाले. दरम्यान गुड यांच्या गटानेही नवजात प्राण्यांवर प्रयोग करून तेच निष्कर्ष काढले होते.

कोंबड्यांचा धागा इथे येऊन जुळला. गुड यांच्याकडे आलेल्या मॅक्स कूपर या तरुण बालरोगतज्ज्ञाला एक विसंगती खटकत होती. काही मुलं नागीण, कांजिण्या यांसारख्या विषाणूंसमोर हतबल असत, पण त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर. याउलट वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात ऑग्डेन ब्रूटन यांनी 1952 साली वर्णन केलेल्या आठ वर्षांच्या मुलाला न्यूमोनिया पुन्हापुन्हा होई आणि त्याच्या रक्तात प्रतिपिंडांचा अंशही नव्हता, तरी अशी मुलं विषाणूंना बऱ्यापैकी तोंड देत. दोन वेगळ्या उणिवा, तर मग दोन वेगळ्या फौजा असल्या पाहिजेत. कूपरने नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांचे थायमस किंवा पिशव्या काढल्या आणि आधीच तयार झालेल्या पेशी मारण्यासाठी त्यांना किरणोत्सर्ग दिला. 1965 साली ‘नेचर’मध्ये निकाल आला: पिशवी गेली की प्रतिपिंडं बंद, थायमस गेला की परकी कातडी ओळखणं बंद. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या अँजेलो डीजॉर्ज यांनी जन्मतःच थायमस नसलेली मुलं दाखवली, आणि माणसातही हाच नियम चालतो हे कळलं.

मिलर 1966 साली मेलबर्नला गेला. त्याला बोलावणारा गस नोसाल हा त्याचा शाळासोबती. तिथे ग्रॅहॅम मिचेल या विद्यार्थ्याबरोबर त्याने उंदरात शेवटची गाठ सोडवली. थायमसमधून आलेल्या पेशी स्वतः प्रतिपिंडं बनवत नाहीत. ती बनवतात अस्थिमज्जेतून आलेल्या पेशी, पण थायमसवाल्यांनी इशारा आणि मदत दिल्याशिवाय त्यांचं काम धड होत नाही. 1968 सालचे हे निबंध वाचून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पेशी हुबेहूब सारख्या दिसत. 1969 साली लंडनच्या आयव्हन रॉइट यांच्या गटाने त्यांना टी आणि बी अशी नावं दिली. बी आणि टी ही एका इंग्रजी शिवीची पहिली आणि शेवटची अक्षरं आहेत, असं कॅनबेराचे बीड मॉरिस भर सभेत म्हणाल्याचं मिलरच पुढे हसत सांगे. मॉरिस मेंढ्यांच्या लसीकेवर आयुष्य घालवलेला माणूस, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन होतं. ते त्याच्यावरच उलटलं. माणसाला पिशवी नसते, त्याच्या बी पेशी अस्थिमज्जेतच पिकतात, हे सत्तरच्या दशकात कळलं. ऐंशीच्या दशकात एड्स आला, तेव्हा रुग्णाची अवस्था ठरवण्यासाठी डॉक्टर जे मोजू लागले ते मदतनीस टी पेशींचे आकडे होते.

थायमसच्या आत नेमकं काय चालतं हे नंतरच्या पिढीने उलगडलं. फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी 1957 साली सुचवलं होतं, की प्रत्येक लसीकापेशी जन्मतःच एकच कुलूप ओळखणारी किल्ली घेऊन येते आणि शत्रू आला की त्यातली जुळणारी पेशी तेवढी वाढते. किल्ल्या अशा अंदाधुंद घडत असतील, तर त्यांतल्या कित्येक स्वतःच्याच शरीराला लागणार. थायमसमध्ये त्यांची पाखडण होते. शरीराशी काही देणंघेणं नसलेल्या पेशी मरतात, शरीरावरच तुटून पडणाऱ्याही मरतात, आणि शंभरातल्या पंचाण्णवांहून जास्त आतच संपतात. उरलेल्या थोड्या बाहेर पडून पुढे अनेक वर्षं फिरत राहतात. त्यामुळेच मोठ्या माणसाचा थायमस काढला तर उद्या किंवा परवा काही होत नाही. पाखडून निघालेल्या पेशी गाठीगाठींत आधीच पोचलेल्या असतात.

मिलर आणि कूपर यांना 2019 साली लास्कर पारितोषिक मिळालं. नोबेल कोणालाच मिळालं नाही. या विषयातलं काम इतकं पायाभूत झालं, की ते कोणी केलं होतं हेच लोक विसरले असावेत. ग्लिकचं नाव तर कुक्कुटशास्त्राबाहेर फारच थोड्यांना माहीत आहे.

मोठ्या माणसाला थायमसची गरज नसते, हे वाक्य मात्र डॉक्टरांच्या डोक्यात साठ वर्षं पक्कं राहिलं. हृदयाच्या शस्त्रक्रियेत थायमस वाटेत येतो, तेव्हा तो काढून टाकण्यात कोणाला फारसं वावगं वाटत नसे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातल्या संशोधकांनी 2023 साली थायमस काढलेल्या प्रौढ रुग्णांची तुलना छातीचीच शस्त्रक्रिया झालेल्या, पण थायमस शाबूत असलेल्या तशाच रुग्णांशी केली. पाच वर्षांत थायमस नसलेल्यांपैकी 8.1 टक्के रुग्ण दगावले होते, थायमस असलेल्यांपैकी 2.8 टक्के. कर्करोगाचं प्रमाणही पहिल्या गटात साधारण दुप्पट निघालं. हा जुन्या नोंदींवरचा अभ्यास आहे, उंदरांवरचा नेटका प्रयोग नव्हे, तेव्हा दोन गटांत आधीपासूनच काही फरक असण्याची शक्यता उरते. पण साठी-सत्तरीच्या माणसाच्या छातीत चरबीखाली शिल्लक राहिलेला तो सुरकुतलेला तुकडा अजूनही थोड्याफार नव्या टी पेशी तयार करतो, एवढं तरी दिसतं.